ढोल, ट्रंपेट आणि मध्ये मी

आमच्या बँडची पहिली तालीम आणि पहिली मारामारी एकाच दुपारी झाली. ट्रंपेट वाजवणाऱ्यानं ढोलवाल्याच्या छातीत ट्रंपेटचं तोंड रुतवलं आणि म्हणाला, "पळतोस कावून बे? गाणं चालू हाय, शर्यत न्हाई." ढोलवाल्यानं हातातलं टिपरू समोरच्याच्या मनगटावर असं हाणलं की ट्रंपेट फरशीवर पडलं आणि त्याच्या तोंडाला चेप आला. मग दोघं एकमेकांची मानगूट धरून दुधाच्या रिकाम्या कॅनांवर कोसळले. आवाज एवढा झाला की समोरच्या घरांतल्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं, डेअरीचे पत्रे खाली आले.

मी त्या डेअरीचा सचिव होतो. धर्मापुरीच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावच्या सहकारी दूध संस्थेला सगळे डेअरीच म्हणायचे. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. सकाळी ज्या कॅनांतून दूध सांडायचं, त्यांचा आता तळ जेमतेम ओला व्हायचा. अर्धी जनावरं चारा छावणीत गेली होती, अर्धी बाजारात. उसाअभावी साखर कारखान्यांनीही लवकर गाळप बंद केलं, म्हणून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या त्या वर्षी अवेळी घरी आल्या. एरवी त्या महिन्यात गाव म्हातारी माणसं आणि लेकरं यांचं असायचं. त्या वर्षी ते तरण्या गड्यांनी भरलं होतं आणि त्यांच्या हाताला काम नव्हतं.

राग फार स्वस्त झाला होता. टँकरपाशी बादल्यांनी डोकी फुटत. बोअरच्या पाइपावरून एका भावानं दुसऱ्याच्या गळ्याचं हाड मोडलं. छावणीत एकानं दुसऱ्याच्या बैलाच्या पोटात चारा ओढायचा लोखंडी पंजा घातला, बैल संध्याकाळपर्यंत हंबरत राहिला आणि तो मेल्यावर त्या दोन घरांतल्या बायाही एकमेकींवर दगड घेऊन धावल्या. घराघरांतून लेकरांच्या रडण्याचा आवाज वाढला होता. मी स्वतः कधी कुणावर हात उगारलेला नव्हता, पण त्या दिवसांत मलाही झोपेत दात खायची सवय लागली असं बायको सांगायची.

अशात डेअरीच्या चेअरमननं ठरवलं की डेअरीच्या आवारात सामुदायिक विवाह करायचे. एकेकट्या घराला लेकीचं लग्न करणं त्या वर्षी शक्यच नव्हतं. शहरातून बँड आणायचा विषय निघाला तेव्हा त्यांना आठवलं की गावात पूर्वी एक बँड होता आणि त्याची वाद्यं सोसायटीच्या गोदामात माळ्यावर पडून आहेत. "आपलेच लोक वाजवतेल," चेअरमन म्हणाले. मी शाळेत असताना गावातल्या एका म्हाताऱ्याकडून क्लॅरिनेट शिकलो होतो. तेवढ्यावर मी बँडचा प्रमुख झालो.

आम्ही मुख्य वाजवणारे चौघं होतो. बाकी खुळखुळे आणि झांजा जो येईल त्याच्या हातात.

ढोलावर होता एक ऊसतोड्या. तरुणपणी तालमीत गेलेला, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. तो दिवसभरात मोजके शब्द बोलायचा. ढोल गळ्यात अडकवला की मात्र त्याच्यात काहीतरी उकळायला लागायचं, आणि गाणं अर्ध्यावर येईपर्यंत त्याची गती इतकी वाढायची की आमचा श्वास पुरायचा नाही. ट्रंपेटवर होता चेअरमनचा पुतण्या. तो अंबाजोगाईला कॉलेजात शिकला होता आणि तिथल्या बँडमध्ये वाजवायचा. त्याचा सूर स्वच्छ होता, ताल पक्का होता आणि जीभ घाणेरडी होती. कुणी चुकलं की तो हात वर करून सगळ्यांना थांबवायचा आणि त्या माणसाकडे बघून हसायचा. मारापेक्षा ते हसणं जास्त लागायचं.

चौथे, सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं ते. ताशा वाजवायचे. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात वाजवण्यात गेलेलं. आमच्यात खरा वाजंत्री तेवढा एकच होता, आणि आम्ही हौशी. ते ताशा शेकायला बाहेर काटक्यांचा जाळ करून बसत आणि आत काय चाललंय त्याकडे लक्षच नाही असं दाखवत.

पहिल्या मारामारीनंतर मी माझ्या परीनं उपाय सुरू केले. दोघांना लांब लांब उभं केलं आणि मामांना मध्ये ठेवलं. गाणं थांबवायचा हक्क फक्त मामांचा, असा नियम केला. पुतण्याला चहाला बोलावून सांगितलं की पैलवान शिकलेला नाही, त्याला चारचौघांत बोलू नकोस. तो म्हणाला, मी बोलत नाही, तोच चुकतो. पैलवानाच्या घरी गेलो तर तो अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. मी सांगितलं, पोरगा वयानं लहान आहे, सोडून दे. त्यानं बराच वेळ दगडावर कोयता फिरवला आणि म्हणाला, "सचिवसाहेब, कारखान्यावर मुकादम हसतो. हितं ह्यो हसतो. मी ढोल बडवायला आलतो, हसं करून घ्यायला न्हाई आलो."

माझी बायको म्हणाली, तुम्ही याच्याकडे जाऊन त्याचं सांगता आणि त्याच्याकडे जाऊन याचं, एक दिवस दोघं मिळून तुम्हालाच मारतील. तरी काही दिवस बरे गेले. दोन गाणी बसली. पैलवान पळायला लागला की मामा ताशावर अशी काडी ओढायचे की तो आपोआप मागे यायचा. पुतण्याही हसायचा कमी झाला होता, किंवा तोंडात ट्रंपेट असल्यामुळे मला तसं वाटत असेल.

मग टँकरवर भांडण झालं. पाण्याची रांग लावायचं काम चेअरमननं पुतण्याला दिलं होतं. पैलवानाची बायको रांगेत होती. ती मध्ये घुसली असं पुतण्याला वाटलं, ती म्हणाली मी पहाटेपासून इथंच आहे. शब्द वाढले आणि पुतण्यानं तिची घागर उचलून रस्त्यावर फेकली. घागर पितळी होती, तिला पोचा आला. ती रिकामी घागर घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तालमीला पैलवान वेळेवर आला. आम्ही वाजवायला सुरुवात केली. गाण्याच्या मध्येच त्यानं ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला, पुतण्यापाशी गेला आणि त्याच्या दोन्ही गालांवर एकेक अशा दोन थपडा दिल्या. शांतपणे दिल्या. मग परत येऊन ढोल गळ्यात घातला आणि जिथं सोडलं होतं तिथून वाजवायला लागला. पुतण्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्यानं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. रुमालानं ट्रंपेटवरचं रक्त पुसलं आणि उरलेलं गाणं एकही सूर न चुकता वाजवलं. मला तेव्हाच भीती वाटली.

पुढच्या दुपारी मी कुलूप उघडलं तर ढोल दोन्ही बाजूंनी फाडलेला. ब्लेडनं, आडवा उभा. डेअरीची दुसरी किल्ली चेअरमनच्या घरी असायची, त्यामुळे कुणी फाडला हे विचारायची गरज नव्हती. पैलवान आला, त्यानं ढोलापाशी बसून फाटलेल्या कातड्यातून कोपरापर्यंत हात आत घातला, जणू आत काही राहिलंय का ते बघतोय. मग उठून घराकडे चालू लागला. मी मामांना त्याच्या मागे पाठवलं. तेवढ्यात पुतण्या आला. मी त्याला परत जायला सांगितलं तर तो म्हणाला, मी कुणाला भीत नाही. मी त्याला आत ओढला आणि दार लावून कडी घातली.

मामांना पैलवान थांबवता आला नाही. मामा हाडकुळे आणि तो तसला. दारावर पहिली लाथ बसली तेव्हा पत्रा आत वाकला. दुसऱ्या लाथेला कडी उडाली. त्याच्या हातात कोयता होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुतण्या भिंतीपर्यंत मागे सरकला. मी मध्ये उभा राहिलो. माझ्या डाव्या हातात क्लॅरिनेट होतं, ते मी का धरून ठेवलं होतं मला माहीत नाही. मी दोन्ही हात पसरले. कोयता पुतण्याच्या खांद्यासाठी निघाला होता. तो क्लॅरिनेटवर आला, क्लॅरिनेट काडीसारखं तुटलं आणि त्याबरोबर माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पेरातून तुटून गेलं.

दुखलं नाही. आधी फक्त हात ओला झाला. बोट फॅट तपासायच्या मशीनखाली गेलं होतं आणि पैलवान गुडघ्यावर बसून ते शोधत होता. कोयता त्यानं कुठं टाकला ते त्यालाही कळलं नसावं. पुतण्यानं गळ्यातला गमछा काढून माझ्या मनगटाला आवळून बांधला आणि गाडी आणायला धावला.

अंबाजोगाईला आम्ही एकाच मोटारसायकलवर गेलो. पुतण्या गाडी चालवत होता, मी मध्ये, आणि माझ्या मागे पैलवान. त्याच्या शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं माझं बोट होतं. रक्त थांबावं म्हणून माझा हात वर धरायचा होता, तो त्यानं सबंध रस्ताभर पुतण्याच्या डोक्यावर धरून ठेवला. रक्त गळून पुतण्याच्या मानेवर, पाठीवर पडत होतं. खड्डा आला की पैलवान ओरडायचा, "हळू बे," आणि गाडी हळू झाली की, "वढ की, मारतो काय माणसाला." पुतण्या एकदाही उलटून बोलला नाही. मी त्या दोघांच्या मध्ये पुढून आणि मागून दाबला गेलो होतो.

डॉक्टरांनी बोट बघितलं आणि आता ते बसणार नाही म्हणाले. दवाखान्यातल्या पोलिसानं विचारलं, कशानं तुटलं. मी म्हणालो, कडबा कुट्टीत. त्यानं दोघांच्या कपड्यांकडे बघितलं आणि विचारलं, हे कोण? मी सांगितलं, एक मशीन चालवत होता, दुसरा कडबा सारत होता. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

टाके पडत असताना बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. पैलवानाला पोलिसाला खरं सांगायचं होतं. माझ्या हातून झालंय, मला आत टाका, असं तो म्हणत होता. पुतण्या त्याला अडवत होता, कारण खरं सांगितलं की डेअरीचं नाव येणार, चुलत्याचं नाव येणार, आणि ढोल कुणी फाडला तेही येणार. अडवता अडवता दोघं पुन्हा भिडले. वॉचमननं दोघांना काठीनं सारखंच झोडपलं. मी बाहेर आलो तेव्हा दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसले होते आणि दोघांचे ओठ फुटलेले होते.

तिथंच मी त्यांना जे बोललो ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "लग्नं होईस्तोवर वाजवा. मंग एकमेकाचे मुडदे पाडा. मी मधी येणार न्हाई." माझा आवाज चढला नव्हता. दोघांनीही मान खाली घातली.

पुतण्यानं परळीहून नवं कातडं आणलं आणि स्वतःच ढोलाला चढवलं. ते चुकीचं बसलं. पैलवानानं दोऱ्या सोडल्या आणि पुन्हा बसवलं. पुतण्या शेजारी बसून दोऱ्या धरत होता. मी हाताला पट्टी बांधून तालमीला जायचो आणि कॅनवर बसून ऐकायचो. माझा भाग ट्रंपेटवर घेतला होता. ते दोघं एकमेकांकडे बघत नसत, तरी एकमेकांचं ऐकायला लागले होते. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. एवढं माझ्या बोटाशिवाय जमलं असतं तर.

लग्नाच्या दिवशी आवारात मांडव घातला होता, ऊन मांडवातूनही भाजत होतं. वराती एकापाठोपाठ एक येत होत्या. एका वरातीबरोबर नवऱ्या मुलाचा चुलता होता, अंगानं जाड, पिऊन आलेला. त्याला एक सिनेमाचं गाणं हवं होतं. ते आम्हाला येत नव्हतं. मामांनी हात जोडून सांगितलं, साहेब, ही हौशी पोरं आहेत, त्यांना येतं ते वाजवतील. त्यानं मामांच्या कानाखाली मारली. "वाजंत्री हायस, वाजंत्र्यावानी राहा," म्हणाला. मामांच्या हातातल्या काड्या पडल्या. ते खाली वाकून काड्या उचलायला लागले.

मग पैलवानानं ढोल काढला आणि पुतण्यानं ट्रंपेट माझ्या हातात दिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. पैलवानानं त्या माणसाला कंबरेतून उचलून मांडवाच्या खांबावर आपटलं आणि पुतण्यानं पडलेल्याच्या तोंडावर लाथ घातली. एकानं धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. त्याच्या मदतीला आलेल्या दोघांचीही तीच गत झाली. एकाचे दात मातीत पडलेले मी बघितले. इतके दिवस त्या दोघांना जे तालमीत जमलं नव्हतं ते तिथं जमत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. तुटलेल्या बोटाची ठणक मी विसरलो होतो. मी ट्रंपेट छातीशी धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, अजून.

चेअरमननं माणसं घालून त्यांना सोडवलं तोपर्यंत ते वऱ्हाड टेंपोत चढत होतं. नवरा मुलगा टेंपोत बसला होता, मुंडावळ्या तशाच. चेअरमन पाया पडले, कुणी ऐकलं नाही. टेंपो गेला. बाकीच्या जोड्यांवर अक्षता पडल्या. एक मुलगी हार हातात धरून तशीच उभी राहिली. ती पैलवानाच्याच टोळीतल्या एका ऊसतोड्याची लेक होती.

संध्याकाळी आम्ही तिघं मामांच्या घरी गेलो. त्यांच्या एका कानाला ऐकू येईनासं झालं होतं, दुसरा कान आमच्याकडे करून ते बसले. पैलवान म्हणाला, मामा, त्याला सोडला न्हाई आमी. मामा म्हणाले, "मी मारा म्हणलं व्हतं का? मला अशा लई बसल्या जन्मात. मी काड्या उचलल्या व्हत्या. पुढचं वाजवणार व्हतो. ती पोरगी मांडवात उभी व्हती अन् तुमी वाजवायचं सोडून मारत बसलात." मग त्यांनी आमच्यासाठी चहा करायला सांगितला. आम्ही तो प्यालो. ताशा त्यांनी डेअरीतून आणवून घेतला आणि पुन्हा तालमीला आले नाहीत.

काही दिवसांनी तो नवरा मुलगा स्वतः आला, फक्त आईला घेऊन. चुलत्याशी भांडून आला होता म्हणे. मारुतीच्या देवळात थोड्या माणसांत लग्न लागलं. आम्हाला बोलावलं नव्हतं. आम्ही तिघं डेअरीत होतो आणि ताशाचा आवाज येत होता. मामा एकटेच वाजवत होते. एका कानानं ऐकून वाजवणाऱ्या माणसाचा आवाज कसा येईल याची मला काळजी होती, पण तो ठीक येत होता. पैलवान दारात बसला होता, पुतण्या वजनकाट्यापाशी.

लग्न आटोपल्यावर मुलीचा बाप आला. त्याच्या हातात परात होती, तीत गुळाचे खडे. त्यानं मला एक खडा दिला, पुतण्याला दिला, मग पैलवानासमोर उभा राहिला.

"तुमी व्हता म्हणून आमची इज्जत राहिली, असं म्हणणारे हाईत गावात," तो म्हणाला. "मला तसं वाटत न्हाई. पण पोरगी म्हणली, त्यान्लाबी द्या."

पैलवानानं हात पुढे केला. तो बाप गूळ ठेवून परात घेऊन पुढच्या घराकडे गेला. पुतण्या उठून दारापर्यंत आला आणि पैलवानाच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, उंबऱ्यावर बसला.